नाव एकच, फोटो दोन

इंडियाची सफर करून लंडनला परतलं, की दोन-तीन कॅमेऱ्यांचे फोटो एकाच कॉम्प्युटरवर उतरवायचे असतात. पण कॅमेरा नाव देतो ते ठरलेली अक्षरं आणि पुढे आकडा. घरात कॅननचे दोन कॅमेरे असले, तर ‘आयएमजी_०००१’ दोन्हींत सापडेल. एकात नवगावचं स्मारक, दुसऱ्यात आजी! कॉम्प्युटर चित्र बघत नाही, नाव बघतो.

विंडोज निदान विचारतो तरी. ‘रिप्लेस’ दाबलंत, की आधीचा फोटो गेला. तो रिसायकल बिनमध्येही मिळायचा नाही. ‘स्किप’ म्हटलंत, तर नवा येत नाही. दोन्ही ताडून बघायचा पर्याय घ्या, दोन्हींवर खूण करा. दोन्ही राहतात, नव्याच्या नावापुढे कंसात आकडा लागतो.

फोल्डरचं आणखी निराळं. एका नावाचे दोन फोल्डर विंडोज एकमेकांत मिसळतो. मॅकवर ‘रिप्लेस’ म्हणालात, तर जुना फोल्डर आतल्या सगळ्यासकट जातो. मुलं लिनक्सवर ‘सीपी’ कमांड देत असतील, तर ती सहसा न विचारताच जुन्यावर नवं चढवते. ‘-आय’ जोडलं तर विचारते, ‘-एन’ जोडलं तर जुन्याला हात लावत नाही.

तेव्हा प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळा फोल्डर करा, नावात माणूस आणि वर्ष घाला. कार्ड पुसण्याआधी फोटो मोजून घ्या. स्मारक पुढच्या खेपेलाही तिथंच असेल. आजीचं तसं नाही.