थंडी दिसत नाही, रीडिंग दिसतं!

टी.ई.च्या रेफ्रिजरेशनच्या व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी मला पहिलाच प्रश्न टाकला, "बंद खोलीत फ्रिजचं दार सताड उघडं ठेवून फ्रिज चालू केला. खोली थंड होईल की गरम?" मी क्षणाचाही विचार न करता छातीठोकपणे म्हणालो, "थंड!" सर नुसते हसले आणि माझं जर्नल मिटून ठेवलं. बाहेर आल्यावर मित्राने डोक्यात टपली मारली, "अरे येड्या, फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून खोलीतच फेकतो ना! वर कॉम्प्रेसरने खाल्लेल्या विजेची उष्णता वेगळीच. खोली तापणार!"

मार्क गेले ते गेले, पण 'थंड' हा शब्द तेव्हापासून डोक्यात घर करून बसला. आणि मित्रांनो, जितका विचार केला तितका हा शब्द हातातून निसटत गेला.

आपल्या मराठीतच बघा. चहा गार होतो, पहाटे गारठा पडतो, पेपर बघून हातपाय गार पडतात. भांडण वाढलं की 'डोक्यावर बर्फ ठेव' म्हणतात, आणि नको असलेला अर्ज 'थंड बस्त्यात' जातो. वर्कशॉपमध्ये गेलो तर आणखी वेगळी तऱ्हा. धातूच्या रीक्रिस्टलायझेशन तापमानाच्या खाली काम केलं की ते कोल्ड वर्किंग. म्हणून १००० अंश सेल्सियसला लालभडक झालेलं टंगस्टन ठोकलं तरी ते 'कोल्ड', आणि शिसं खोलीच्या तापमानाला ठोकलं तरी ते 'हॉट'! इतिहासाच्या पुस्तकात तर अख्खं युद्धच 'शीत' निघालं. आणि फिजिक्सवाले म्हणतात, थंडी नावाची वस्तूच जगात नाही. असते ती उष्णता. ती निघून गेली की जे उरतं त्याला आपण थंडी म्हणतो. थंडी कुणी बनवत नाही, उष्णता फक्त दुसरीकडे नेऊन टाकतात.

पण जी वस्तूच नाही, तिचा पत्ता लागणार कसा? हाताला? हात तर बेभरवशाचा. एक हात गरम पाण्यात आणि एक बर्फाच्या पाण्यात धरून मग दोन्ही कोमट पाण्यात घाला, दोन हात दोन वेगळ्या साक्षी देतील. म्हणजे शेवटी काट्यावरच विसंबायचं. माझं म्हणणं एवढंच आहे, की थंडी दिसत नाही, तिचं रीडिंग दिसतं. आणि रीडिंगच खोटं असेल तर आपल्या हातात काहीच उरत नाही.

हा काटा माणसाला सहजासहजी मिळालेला नाही. १७४२ साली स्वीडनच्या अँडर्स सेल्सियसने जी मोजपट्टी सुचवली, तिच्यात पाणी उकळायचं ० अंशाला आणि गोठायचं १०० ला! त्याच्या मृत्यूनंतर ती उलटी करून आजची झाली. १८३३ साली बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तळ्यांमधला बर्फ भुशात गुंडाळून जहाजाने थेट कलकत्त्याला धाडला. निघाला तेव्हा सुमारे १८० टन, चार महिन्यांनी पोचला तेव्हा सुमारे १०० टन. बाकीचा बर्फ वाटेतल्या उष्णतेने वसूल केला. त्या व्यापारात नफा-तोटा ठरवणारं रीडिंग म्हणजे उरलेल्या बर्फाचं वजन!

पुढे १८४८ साली केल्विनने निरपेक्ष शून्याची, म्हणजे उणे २७३.१५ अंशांची पट्टी मांडली, आणि त्या शून्याच्या दिशेने धाव सुरू झाली. हॉलंडमधल्या लायडनच्या कामरलिंग ओनेसने १९०८ मध्ये हेलियम द्रवरूप केला, शून्यापासून जेमतेम चार अंशांवर. १९११ मध्ये तिथेच पाऱ्याची विद्युतरोधकता एकदम नाहीशी झालेली दिसली. आपल्या लॅबमध्ये असं झालं असतं तर? "मीटर गंडलंय, शेजारच्या बॅचची व्हॅल्यू टाक" म्हणून आपण मोकळे झालो असतो. त्यांनी मापन पुन्हा पुन्हा तपासलं आणि जे दिसलं तेच लिहिलं. सुपरकंडक्टिव्हिटीचा शोध लागला तो असा. 'मोजण्यातून ज्ञानाकडे' हे ओनेसचं ब्रीदवाक्य उगाच नव्हतं.

आता माझा कबुलीजबाब. माझ्या जर्नलमधली निम्मी रीडिंग्ज छापलेली आहेत. सीओपीचा ग्राफ आधी काढायचा आणि मग त्यावर बसतील असे आकडे टेबलात भरायचे, ही कला फर्स्ट इयरपासून मला येते. तुम्हालाही येते, उगाच साळसूदपणा नको! 'एवढ्याने काय आभाळ कोसळतंय' असंच मला वाटायचं. गेल्या दिवाळीपर्यंत.

दिवाळीत मावशीकडे गेलो होतो. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टर आहे. भाऊबीजेच्या संध्याकाळी ताटं वाढलेली असताना ती चप्पल घालून निघाली. लसींच्या फ्रिजचं तापमान वहीत लिहायचं होतं. सकाळ-संध्याकाळ, दिवसातून दोनदा, सणवार असो नसो. मी म्हटलं, "मावशी, सकाळचंच लिहून टाक ना उद्या. फरक काय पडतोय?"

ती दारातच थांबली. "अरे, लसीला २ ते ८ अंश लागतात. वर गेलं तर बाटलीवरचा चौकोन रंग बदलून निदान सांगतो तरी. पण खाली जाऊन लस गोठली, तर तो चौकोन काही बोलत नाही. काही लसी एकदा गोठल्या की वाया गेल्या. वितळल्यावर वरवर बघून कळत पण नाही. बाळाला सुई टोचायची, ते रडणार, आई घरी नेणार, आणि आत लसच नाही. चालेल तुला?"

मी काहीच बोललो नाही. तिच्यामागून केंद्रावर गेलो. तिने काटा वाचला, ४ अंश, आणि वहीत सही केली. दोन मिनिटांचं काम. त्या वहीतली सगळी पानं तिच्याच बारीक अक्षरातली होती. मला माझं जर्नल आठवलं आणि खरं सांगतो, लाज वाटली.

थंडीचं रीडिंग थंड बस्त्यात टाकलं की काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे चॅलेंजर. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर फोनवरच्या बैठकीत परोपरीने सांगत होते, की सुमारे १२ अंशांच्या खाली उड्डाण करू नका, सांध्यातली रबराची ओ-रिंग थंडीत कडक होते. त्यांच्याकडे आधीच्या उड्डाणांचे आकडे होते. पण वेळापत्रकाचा दबाव भारी ठरला. दुसऱ्या दिवशी सकाळी हवा होती सुमारे २ अंश. ७३ सेकंदांत यान फुटलं आणि सात जण गेले. नंतर चौकशीच्या सुनावणीत रिचर्ड फाइनमनने रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि तो लगेच मूळ आकारात येत नाही हे सगळ्यांसमोर दाखवलं. पाण्याचा ग्लास, बर्फ आणि चिमटा. एवढाच सेटअप! आकडे आधीही होते, ऐकणारे नव्हते.

कुणी म्हणेल, मग काय काट्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा? मुळीच नाही. शीतयुद्धातलीच गोष्ट. २६ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत इशारा यंत्रणेने अमेरिकेकडून पाच क्षेपणास्त्रं निघाल्याचं दाखवलं. ड्यूटीवरच्या स्तानिस्लाव पेत्रोव्हने डोकं थंड ठेवून विचार केला. खरा हल्ला फक्त पाचच क्षेपणास्त्रांनी कशाला सुरू होईल? त्याने 'खोटा इशारा' असा अहवाल दिला, आणि तो बरोबर ठरला. ढगांवरून परावर्तित झालेल्या उन्हाने उपग्रह फसला होता. पण लक्षात घ्या, पेत्रोव्हने रीडिंग लपवलं नाही की बदललं नाही. रीडिंग हे आहे, आणि माझ्या मते ते या कारणाने चूक आहे, असं सांगितलं. रीडिंगवर शंका घेणं ही इंजिनिअरिंग आहे, रीडिंग बदलणं ही लबाडी आहे. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता थोडं आपल्या सरांना आणि मॅडमना, रागावू नका! ग्राफ सरळ रेषेत आला नाही की जर्नल परत मिळतं, मार्क कापले जातात. मग पोरं छापणार नाहीत तर काय करतील? जुन्या रिगवर, लोडशेडिंगमधून वाचलेल्या वेळात पुस्तकातला सीओपी येणारच नाही. माझी एक साधी सूचना आहे. चुकलेलं रीडिंग जसंच्या तसं लिहू द्या, आणि 'हे असं का आलं असेल' यावर चार ओळी लिहायला लावा. मार्क त्या चार ओळींना द्या. आम्ही व्हायवाला फ्रिजच्या दाराचं उत्तर तरी बरोबर देऊ!

थर्मोकपलचं प्रॅक्टिकल आठवतंय ना? एक जंक्शन भट्टीत आणि दुसरं, कोल्ड जंक्शन, वितळत्या बर्फात, बरोबर ० अंशाला. सगळ्यांचं लक्ष भट्टीकडे. पण थर्मोकपल मोजतं ते दोन टोकांमधला फरक. बर्फ संपून कोल्ड जंक्शन ३० अंशांवर गेलं, तर काटा भट्टीला तेवढी कमी तापलेली दाखवतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

उद्या आपण कंपन्यांमध्ये जाऊ. तिथे भट्ट्या पुष्कळ असतील. टार्गेट, डेडलाइन, बॉस. त्या गरमागरमीत कुणीतरी एकाने आपल्या शून्यावर टिकून राहायला लागतं, मावशीसारखं. मी यंदाचं जर्नल खऱ्या रीडिंगने भरायचं ठरवलंय. पहिलाच ग्राफ वाकडा आलाय. तसाच लावलाय!