उतारचित्रे आणि मायारंग

मुलाच्या हातातील खेळणे पाहून वडीलधाऱ्याने कपाळास आठी घालावी, ही आपल्या घरांतील जुनी रीत आहे. शूद्रकाच्या मृच्छकटिकात चारुदत्ताचा लहानगा मुलगा मातीच्या गाडीने समाधान न पावता सोन्याच्या गाडीसाठी रडतो, आणि त्या एका रडण्यापासून पुढे केवढे प्रकरण उद्भवते, हे संस्कृत शिकलेल्यांस ठाऊक आहे. ते नाटक आम्ही आयुष्यात अनेकदा वाचले. तथापि स्वतःच्या घरातील खेळण्याकडे आमचे लक्ष गेले ते एक चूक घडल्यानंतर. चूक आमचीच असल्यामुळे ती प्रथम सांगून टाकतो.

आमचे घर शिरूरास, जुनी मंडळी ज्यास अजून घोडनदी म्हणतात तेथे. धाकटे चिरंजीव नोकरीनिमित्त दौंडास असतात. त्यांचा मुलगा इयत्ता नववीत आहे. सुटी लागली की तो एस. टी.ने आमच्याकडे येतो. गेल्या दिवाळीत तो आला तो काखेत एक खोका घेऊन. उघडून पाहतो तो आत प्लॅस्टिकचे करडे तुकडे, एक नकाशा आणि चित्रांचा एक चकचकीत कागद. ते मिग-21 विमानाचे नमुनासाहित्य होते. 1963 साली आपल्या वायुदलात आलेले हे विमान 26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगड येथे समारंभपूर्वक निवृत्त झाले; ती वार्ता वाचून मुलाने साठविलेल्या पैशांतून हा खोका मागविला होता. आम्ही म्हणालो, "दहावी तोंडावर आली आणि तू बाहुल्या जोडत बसणार काय?" एवढे बोलून आम्ही तो खोका माळ्यावर टाकला. मुलगा उलट बोलला नाही. दोन दिवस तो पानावर बसे, जेवून उठे, आणि आमच्याकडे पाहत नसे.

तिसऱ्या दिवशी आमचे थोरले बंधू अण्णा यांनी तो खोका खाली काढावयास सांगितला. अण्णा आज 78 वर्षांचे आहेत. तरुणपणी ते वायुदलात होते. उडणाऱ्यांत नव्हे, तर विमानांची जमिनीवर देखभाल करणाऱ्यांत. त्या दिवसांविषयी ते घरात कधी बोलल्याचे कोणास स्मरत नाही. ते मुलास एवढेच म्हणाले, "जोड तू. रंगाच्या वेळी मला हाक मार. मोठ्या विमानावर मी रंग चढविलेला आहे."

पुढील बारा दिवसांत आमच्या माजघरात जे चालले, त्यातून आम्ही जे शिकलो, ते या महिन्याच्या लेखाचा विषय आहे.

प्रथम प्रमाणाविषयी. हा नमुना एकास बहात्तर या प्रमाणाचा, म्हणजे मूळ विमानाचे सहा फूट येथे एका इंचात बसतात. त्यामुळे सगळे विमान वीतभरापेक्षा थोडे कमीच भरते. प्रमाण इतके सूक्ष्म असल्यामुळे रंगाचा जाड थर हा येथे मोठा दोष ठरतो. रंग पातळ करून, एक हात पूर्ण वाळल्यावर दुसरा, असे दोन-तीन हात द्यावे लागतात. उसाच्या गाड्यांनी उडणारी धूळ या कामाची वैरीण आहे; म्हणून ओल्या रंगावर आमच्या नातवाने वहिनींची पोळ्यांची टोपली पालथी घातली. वहिनींची परवानगी त्याने नंतर घेतली.

आता त्या चट्ट्यापट्ट्यांच्या रंगाविषयी. सैन्यात यास छद्मावरण म्हणतात. अण्णा 'मायारंग' म्हणतात, आणि आम्हांस तोच शब्द अधिक आवडला. शत्रूच्या दृष्टीस चकविणे हा त्याचा हेतू. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, फ्रेंच सैन्याने या कामासाठी चित्रकारांचे एक स्वतंत्र पथकच उभारले. परंतु विद्या मुळात निसर्गाची आहे. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात ज्यांनी चिंकारा पाहिला असेल, त्यांनी स्मरण करून पाहावे: पाठ तांबूस, पोट पांढरे. ऊन वरून पडते, त्यामुळे कोणत्याही पदार्थाची वरची बाजू उजळ आणि खालची काळसर दिसते, व त्या छायेवरूनच डोळ्यास त्याचा गोलावा कळतो. वर गडद व खाली फिका रंग असला की ही छाया पुसली जाते आणि प्राणी माळरानात विरून जातो. विमानाच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. त्यास वरून पाहणाऱ्यास पाठीमागे जमीन दिसते, खालून पाहणाऱ्यास आकाश. म्हणून वर हिरवे व मातकट चट्टे, आणि पोटाशी फिका करडा अथवा निळसर रंग. चट्ट्यांचे काम निराळे: ते पंखांची सरळ कड मोडून टाकतात, त्यामुळे आकृती ओळखू येत नाही.

नकाशात चट्ट्यांच्या कडा मोठ्या सुबक दाखविल्या होत्या. नातवाने त्याबरहुकूम कागद कापून ठेवले. अण्णांनी ते कागद हातात घेऊन पाहिले आणि बाजूस ठेवले. ते म्हणाले, "असे नव्हते रे." मग हळूहळू त्यांनी सांगितले. आपली मिग-21 विमाने तेव्हा बहुतांशी उघड्या धातूचीच, चांदीसारखी चकाकणारी असत. 1971 चे युद्ध समोर दिसू लागले, तेव्हा अनेक विमानांवर तळावरच घाईने रंग चढविण्यात आला. अण्णांच्या हाती कुंचला होता. दोन उड्डाणांच्या मध्ये जेवढा अवधी मिळे तेवढ्यात काम उरकावयाचे. एका विमानाचे चट्टे दुसऱ्याशी जुळत नसत, कडा वेड्यावाकड्या होत, कोठे कुंचल्याचे केस रंगात चिकटून राहत. याच विमानांनी त्या वर्षी 14 डिसेंबर रोजी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाऊसवर हल्ला केला, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. त्यांस रंग देणारा हात आमच्याच घरात आहे, हे मात्र आमच्या ध्यानी आले नव्हते. वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "तेव्हा लग्नास सहा महिने झाले होते. पत्रात इतकेच लिहीत, 'रंगाचे काम चालू आहे.' मला वाटे, बराकींस चुना देत असतील."

आता मुलापुढे प्रश्न उभा राहिला. हा नमुना त्यास जानेवारीत एका शालेय प्रदर्शनात ठेवावयाचा होता. परीक्षक नकाशाशी ताडून पाहणार. कडा सुबक असल्या तर पारितोषिकाची आशा. आम्ही काही बोललो नाही, कारण बोलण्याचा अधिकार आम्ही माळ्यावर टाकून बसलो होतो. मुलाने एक दिवस विचार केला. नंतर कापलेले कागद टाकून देऊन, अण्णा सांगतील तसे, हातानेच कुंचल्याने चट्टे काढले.

रंग वाळल्यावर उतारचित्रांची पाळी. इंग्रजीत ज्यास डेकल म्हणतात, ती ही. कागदावर पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाचा थर असतो, त्यावर अत्यंत पातळ पारदर्शक पापुद्र्यात चित्र छापलेले असते. कागद भिजला की गोंद सुटतो आणि चित्र सरकते. कृती ऐकण्यास सोपी आहे. करताना मात्र माणसाचा स्वभाव कळतो.

पहिली गोष्ट अशी की, खरखरीत, चमकहीन रंगावर उतारचित्र लावू नये. तशा पृष्ठभागाच्या बारीक खळग्यांत हवा अडकते आणि वाळल्यावर चित्राखाली पांढुरकी चांदी दिसू लागते. म्हणून आधी चकचकीत वॉर्निशचा एक पातळ हात द्यावा व तो पूर्ण वाळू द्यावा. दुसरी गोष्ट, हवे तेवढेच चित्र कात्रीने कापून, चिमट्यात धरून, कोमट पाण्यात काही क्षण बुडवावे आणि बाहेर काढून मिनिटभर तसेच ठेवावे. पाण्यातच सोडून दिले तर गोंद धुऊन जातो. तिसरी, ज्या जागी चित्र बसवावयाचे ती जागा ओली करावी, कागद तेथे टेकवावा, आणि ओल्या कुंचल्याने चित्र कागदावरून विमानावर सरकवावे; बोटाने ओढू नये. जागेवर आले की सुती फडक्याने मध्यापासून कडेकडे टिपत पाणी व हवा काढावी. जेथे पृष्ठभागावर रेघा अथवा उंचवटे असतील, तेथे पापुद्रा मऊ करणारे द्रावण मिळते, त्याचा एक थेंब पुरतो. द्रावण लावल्यावर चित्र सुरकुतते. ते पाहून घाबरून हात लावणाराचे चित्र फाटते, धीर धरणाराचे आपोआप ताणून बसते. शेवटी सर्व वाळल्यावर ओल्या फडक्याने डाग पुसून चमकहीन वॉर्निशचा हात द्यावा, म्हणजे चित्र रंगातच काढल्यासारखे दिसते.

आमच्याकडील दोन अडचणी सांगण्याजोग्या आहेत. कूपनलिकेचे पाणी जड; पहिली दोन चित्रे वाळल्यावर भोवती क्षारांचे पांढरे कडे उमटले. पुढे मोटारीच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणले आणि दोष गेला. दुसरी अडचण अशी की, चित्रांचा कागद जुना निघाला. पाण्यात पडताच एका चित्राचे चार तुकडे झाले. अशा कागदावर भिजविण्यापूर्वीच वॉर्निशचा एक हात देऊन वाळविल्यास पापुद्रा धरून राहतो. चित्रे पिवळी पडली असतील तर कागद उन्हाच्या खिडकीस आतून चिकटवून काही दिवस ठेवावा. पिवळेपणा पुष्कळसा उतरतो.

चिन्हांचा अर्थ न जाणता ती चिकटविणे म्हणजे अर्थ न जाणता मंत्र म्हणणे होय. म्हणून नातवास आम्ही त्यांचा इतिहास शोधावयास लावले. आपले वायुदल 8 ऑक्टोबर 1932 रोजी स्थापन झाले, तेव्हा त्याच्या विमानांवर ब्रिटिशांचेच लाल-पांढरे-निळे वर्तुळ असे. दुसऱ्या महायुद्धात जपानी विमानांवर लाल बिंब होते. घाईत लाल रंग दिसला की आपल्याच विमानावर गोळी सुटावयाची, या भयाने पूर्वेकडील रणभूमीवर वर्तुळातील लाल काढून टाकला गेला. स्वातंत्र्यानंतर थोडा काळ अशोकचक्र आले, आणि 1950 साली प्रजासत्ताक झाल्यावर आजचे वर्तुळ: मध्ये केशरी, भोवती पांढरे, बाहेर हिरवे. कित्येक मुले सवयीने केशरी बाहेर काढतात, ते चूक. शेपटीवरील तिरंगी पट्ट्यातही केशरी नेहमी विमानाच्या नाकाकडे असतो. त्यामुळे एका बाजूचा पट्टा दुसऱ्या बाजूस चालत नाही. नातवाने एक उलटा लावलाच होता. ओला होता म्हणून निभावले.

शेवटी राहिला विमानाचा क्रमांक. कागदावर सुटे अंक होते, त्यांतून हवा तो क्रमांक जुळवावयाचा. मुलाने सहज विचारले, "मोठे आजोबा, तुम्ही रंगविलेल्या विमानाचा क्रमांक आठवतो का?" अण्णा बराच वेळ गप्प होते. नंतर त्यांनी बोटाने एकेक अंक दाखविला. मुलाने ते कापून भिजविले. तेव्हा अण्णा म्हणाले, "हे मी लावतो."

अण्णांचा उजवा हात कापतो; चहाची कपबशी आम्ही त्यांस अर्धीच भरून देतो. चित्रे फाटतील, हे आम्हांस, वहिनींस आणि मुलासही दिसत होते. सुटे अंक फार उरलेलेही नव्हते. मुलाने काही न बोलता विमान उचलून दोन उशांच्या मध्ये बसविले, अण्णांचे मनगट टेबलाच्या कडेवर टेकविले आणि कुंचला त्यांच्या हाती दिला. एक अंक फाटला. तो मुलाने कुंचल्याच्या टोकाने जुळवून दिला. उरलेले बसले. काम सुमारे पाऊण तास चालले. संपल्यावर अण्णा म्हणाले, "तेव्हाही अंक मीच काढले होते. सकाळी गेले, ते परत आले नाही. अंक नीट वाळलेही नव्हते." विमान कोण चालवीत होते, हे त्यांनी सांगितले नाही, आणि आम्ही विचारले नाही.

प्रदर्शनात नमुन्यास पारितोषिक मिळाले नाही. 'रंगाच्या कडा ओबडधोबड' असा शेरा पडला. मुलाने परीक्षकांस कारण सांगितले काय, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "सांगितले. ते म्हणाले, नकाशात तसे नाही." आम्हांस राग आला, मुलास फारसा आलेला दिसला नाही. परतताना तो विमान कापसात गुंडाळून थेट शिरूरास घेऊन आला आणि अण्णांच्या खोलीतील कोनाड्यात ठेवून गेला.

आमच्या वाचकांच्या घरी असा खोका आला, तर तो माळ्यावर टाकण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध माणसास एकदा दाखवावा, इतकीच आमची विनंती आहे. विमान नसेल तर आगगाडी असेल, गलबत असेल. दौंडासारख्या रेल्वेच्या गावी तर इंजिनावर आयुष्य घालविलेले आजोबा घरोघर सापडतील. विचारणारा मिळाला नाही म्हणून जे चोपन्न वर्षे सांगावयाचे राहिले, ते आमच्या घरी चार सुट्या अंकांच्या निमित्ताने सांगितले गेले.

दहावीचा अभ्यास चालू आहे. दुसरा खोका मे महिन्यात यावयाचा आहे, आणि या वेळी वॉर्निशचा हात आम्ही द्यावा, असे ठरले आहे.