आयडी कुणाचा, कशाचा?

घणसोलीत कुणी ‘आयडी’ विचारला, तर आधी विचारणारा कोण ते पाहावं. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या आयटी कंपनीच्या गेटवर वॉचमनने विचारला की गळ्यातलं ओळखपत्र पुढे करायचं. एमआयडीसीतल्या टर्नरला त्या कार्डाचं काही सोयरसुतक नसतं. त्याला आतला व्यास हवा असतो. ६२०५ नंबरच्या बेअरिंगचा आयडी २५ मिलिमीटर, तर ओडी, म्हणजे बाहेरचा व्यास, ५२. शाफ्ट त्या पंचविसात बसला नाही, तर आधार कार्ड दाखवून भागत नाही. अमेरिकेच्या टपालखात्यात हीच दोन अक्षरं म्हणजे आयडाहो राज्य. आणि केंद्र सरकारच्या सुट्ट्यांच्या इंग्रजी यादीत त्यांचीच चक्क ईद होते!

खरी गंमत अपॉस्ट्रॉफीची. ‘आय’ आणि ‘डी’ यांच्यामध्ये तो वर चढलेला स्वल्पविराम आला की उच्चार होतो ‘आय्‌ड’, आणि त्याचेही अर्थ दोन: ‘आय वुड’ किंवा ‘आय हॅड’. कुठला, ते पुढचं क्रियापद सांगतं. ‘गो’ असेल तर बहुधा वुड, ‘गॉन’ असेल तर हॅड. मोबाइलवर घाईत ते चिन्ह गळतं आणि वाक्याच्या तोंडाशी उगाच ओळखपत्र येऊन बसतं. ‘कम’ या क्रियापदापुढे मात्र व्याकरणही हात टेकतं, कारण त्याचं रूप दोन्हीकडे तेच. मग ‘आय्‌ड कम’ लिहिणारा आला असता की आला होता, हे मागचापुढचा मजकूर वाचूनच ठरवावं लागतं.