लोह्याचं मत लातूरला

लोहा-कंधार नांदेड जिल्ह्यात, पण लोकसभेला मत लातूरला. 2008च्या मतदारसंघ फेररचनेतली ही विभागणी. 2019 मध्ये लोह्याचे आमदार प्रताप पाटील चिखलीकर यांनी नांदेडात अशोक चव्हाणांना हरवलं. लोह्याच्या मतदारांचा त्यात वाटा शून्य, कारण ते तेव्हा लातूरचा खासदार निवडत होते!

लातूर म्हणजे शिवराज पाटील, असंच बाहेरचे समजतात. ते 1980 ते 1999 सलग सात वेळा जिंकले, हे खरं. पण त्याआधी, 1977 मध्ये, लातूरने शेकापचे उद्धवराव पाटील आणि नांदेडने शेकापचेच केशवराव धोंडगे दिल्लीला धाडले होते. या पट्ट्याला काँग्रेसचा बालेकिल्ला म्हणणारे ते वर्ष सोयीस्करपणे गाळतात. 2004 मध्ये लातूरला रूपाताई पाटील निलंगेकर आणि नांदेडला डी. बी. पाटील, दोघेही भाजपचे, निवडून आले. पराभूत शिवराज पाटील मात्र राज्यसभेतून केंद्रीय गृहमंत्री झाले. मतदारांनी नाकारलं, पक्षाने बढती दिली.

2009 पासून लातूर अनुसूचित जातींसाठी राखीव. पहिले खासदार जयवंत आवळे, तेही कोल्हापूरकडचे. स्थानिक नेतृत्वाला संधी देण्यात काँग्रेसने इथे कद्रूपणा केला, असं आम्हाला वाटतं. 2014 आणि 2019 मध्ये जागा भाजपकडे गेली. 2024 मध्ये डॉ. शिवाजी काळगे यांनी ती काँग्रेसकडे परत आणली. त्याच वर्षी नांदेडच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र चव्हाण जिंकले ते फक्त 1,457 मतांनी.

या अंकात लोह्यापासून निलंग्यापर्यंतच्या जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणी आहेत. त्या एकमेकींशी जुळत नाहीत. आम्हीही जुळवलेल्या नाहीत.