धुके आणि पिवळा दिवा


पिवळा प्रकाश कमी विखुरला जात असल्याने तो धुके भेदून दूरवर पोहोचतो, हे घाटरस्त्यांविषयीच्या एका पत्रातील विधान तपासून पाहणे आवश्यक आहे, कारण त्यावर विसंबून आंबोलीच्या घाटात वेग वाढवणे जिवावर बेतू शकते. तरंगलांबी वाढली की विकिरण, म्हणजे कणांवर आदळून प्रकाशाचे निरनिराळ्या दिशांना विखुरणे, झपाट्याने घटते, हा रॅले यांचा नियम तरंगलांबीहून पुष्कळ लहान असणाऱ्या हवेच्या रेणूंना लागू पडतो आणि आकाशाचा निळा रंग त्यातूनच उलगडतो. परंतु धुक्यातील जलबिंदूंचा व्यास बहुधा १० ते २० मायक्रोमीटर, तर दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर असल्याने हे थेंब सर्वच रंगांना जवळजवळ सारखेच विखुरतात, आणि म्हणूनच धुके पांढरे दिसते. समोरच्या वाहनाकडून येणारा प्रकाश वाटेतच भरकटतो, इतरत्र विखुरलेला प्रकाश मात्र डोळ्यांत शिरतो, आणि वस्तू व पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक पुसला जातो. धुक्याच्या दिव्याचा खरा उपयोग त्याच्या रंगात नसून तो खाली बसवलेला असतो आणि त्याचा रुंद झोत रस्त्यालगतच राहतो, यात आहे. उलट हाय बीमचा बराच प्रकाश थेंबांवरून परतून चालकाचेच डोळे दिपवतो.