ध्यानाचा तास आणि समुपदेशकाची खुर्ची

परीक्षा जवळ आल्या की कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत भाड्याच्या खोल्यांत राहणारी मुलं अंबाबाईच्या दर्शनाला जास्त जाऊ लागतात. कुणी पहाटे तालमीत घाम गाळतं, कुणी जप करतं, कुणी श्वासावर लक्ष ठेवून बसतं. यात मला काहीच वावगं वाटत नाही. गाव सोडून आलेल्या पोराला रोज ठरल्या वेळी शांत बसता आलं, चार माणसांत भजनाला टाळ धरता आला, तर मन सावरतं.

राज्य शासनानेही २०१२ मध्ये ‘मित्र उपक्रम’ काढून शाळांत आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याचं ध्यान आणलं. पण तास लावला म्हणजे काम झालं, असं होत नाही. ब्रिटनमध्ये सुमारे ८ हजार शाळकरी मुलांवर झालेल्या ‘मिरियाड’ अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. सजगतेचे (माइंडफुलनेसचे) वर्ग शाळेतल्या नेहमीच्या भावनिक शिक्षणापेक्षा सरस ठरले नाहीत, आणि बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नाही. साधना वेळापत्रकात कोंबून रुजत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

याहून मोठी काळजी वेगळीच आहे. झोप उडालेल्या, जेवण तुटलेल्या मुलीला घरचे म्हणतात, ‘नामस्मरण कर, सगळं नीट होईल.’ नीट झालं नाही, की आपली श्रद्धाच कमी पडली असं तिला वाटतं. दुखण्यात अपराधाची भर पडते. आपल्या जिल्ह्यात आळत्याला विपश्यना केंद्र आहे. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात आणि गंभीर आजार असलेल्यांना शिबिर टाळायला सांगतात. साधना शिकवणारे तिची मर्यादा मानतात; मग आपण का मानू नये?

प्रश्न किती गंभीर आहे, ते आकडे सांगतात: २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत सर्वाधिक. शाहू महाराजांनी १९०१ पासून खेड्यातल्या मुलांसाठी इथे वसतिगृहं उभी केली, कारण शिकणाऱ्याला पाठीशी माणसं लागतात हे त्यांना कळत होतं. आता सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत पात्र समुपदेशक नेमायला सांगितलं आहे.

पालकांनो, प्रवेश घेताना फीबरोबर एवढं विचारा: समुपदेशक कोण, आणि कधी भेटतो? मूल खचलेलं दिसलं तर अंबाबाईला जरूर न्या, पण सीपीआर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस सुरू असतो. तो मुलाच्या मोबाइलमध्ये आजच घालून द्या.