शिव्या खाण्याची नोकरी

भाचीने नोकरी सोडली, ही बातमी बहिणीने मला अगदी रडवेल्या सुरात सांगितली. मुलगी पदवीधर, नवी मुंबईतल्या एका कॉल सेंटरमध्ये मराठी ग्राहकांच्या विभागात अडीच वर्षे टिकलेली, पगार वेळेवर. "खुर्चीत बसून फोनवर तर बोलायचं होतं, त्यात एवढं जड काय होतं गं?" हा बहिणीचा प्रश्न. मलाच विचारण्याचे कारण असे की, मीही फोनवर बोलूनच संसार केला. १९७६ साली मुंबईतल्या एका ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले, आणि कानावरचा हेडफोन उतरवला तो निवृत्त झाल्यावरच.

खरे सांगायचे तर माझ्याही मनात आधी तेच आले. आताची मुले हळवी, दुसरे काय! शिव्या काय आम्ही कमी खाल्ल्या? मुंबई-नागपूरच्या लाइनी मोजक्या आणि बुकिंग ढीगभर. सकाळी नोंदवलेला कॉल संध्याकाळपर्यंत लागायचा नाही. मग "बाई, झोपलात का?" इथपासून आईबहिणीपर्यंत सगळे ऐकून घ्यायचे. पाठीमागे सुपरवायझर उभी, त्यामुळे उलट बोलायची सोय नाही. पाळी संपल्यावर विश्रांतीच्या खोलीत चहा घेताना त्याच शिव्यांच्या नकला करून आम्ही पोट दुखेपर्यंत हसायचो. वर नोकरी पक्की आणि पाठीशी युनियन.

भाची चार दिवस माझ्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्या आणि माझ्या नोकरीतला फरक हळूहळू ध्यानात आला.

ती शेवटी पीकविम्याचे फोन घेत होती. २०२४ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. परभणी, हिंगोली, नांदेडकडे उभे सोयाबीन पाण्याखाली गेले. शेतात पाणी साचून नुकसान झाले, तर तेव्हाच्या नियमाप्रमाणे ७२ तासांच्या आत पूर्वसूचना देणे भाग होते. मोबाईलच्या ॲपमधून द्यावी, नाहीतर टोल फ्री क्रमांकावर फोन करावा. हजारो माणसांना एकाच वेळी एकच क्रमांक फिरवायचा होता. दोन-दोन तास खटपट करून ज्याचा फोन लागला, त्याला पहिला मनुष्याचा आवाज ऐकू येई तो माझ्या भाचीचा. साहजिकच दोन तासांचा राग तिच्या कानात पडे.

एक म्हातारे गृहस्थ बांधावर उभे राहून बोलत होते. "गट नंबर ठाव हाय, ताई. अर्जाचा कागद घरी पेटीत हाय, अन् मधी वढ्याला पाणी हाय." मोबाईल क्रमांकावरून अर्ज शोधावा, तर अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकाने त्यात आपलाच क्रमांक घातलेला. भाचीने गाव, नाव, बँक अशी चाळण लावून अकरा मिनिटांनी अर्ज शोधून काढला, नुकसान नोंदवले आणि नोंदीचा क्रमांक त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतला. महिनाअखेरीस तपासणीसाठी जे कॉल निवडले गेले, त्यांत हाही होता. गुण कापले. एक, वेळ जास्त घेतला. दोन, संहितेत 'सर' असताना ग्राहकाला 'काका' म्हटले.

मला वाटले, हिला याचाच राग आला असेल. ती म्हणाली, "नाही मावशी. शिव्या देणारा परवडतो. तो ओरडतो आणि मोकळा होतो." तिला विसरता येत नव्हता तो दुसराच एकजण. त्याची मुदत उलटून गेली होती. "दोन दिवस लावतोय मी, तुमचा फोनच लागत नव्हता," एवढेच तो म्हणाला. तो खरे बोलतो आहे हे तिला ठाऊक होते, कारण थांबलेल्या कॉलचा आकडा दोन्ही दिवस तिच्या डोळ्यांसमोर होता. पण नोंद घ्यायला तिला जागा नव्हती आणि वर कळवायला रस्ता नव्हता. "आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत," हे छापील वाक्य तिने वाचले. तो 'बरं' म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. पुढच्या क्षणी कानात टिंग झाले, दुसरा कॉल आला. मधे पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ नाही.

इथे मला आमच्या एक्स्चेंजमधला मयताचा कॉल आठवला. कुणाचे वडील गेले, तर आम्ही सुपरवायझरकडे नुसते पाहायचो, तिने मान हलवली की तो कॉल रांगेत पुढे. नियमात काय होते कोण जाणे, पण दिवसातून एखाद्या माणसाचे काम आपल्या हातून झाले एवढ्या आधारावर बाकीच्या शिव्या पचायच्या. आमच्या हातात एक दोरी होती. भाचीच्या हातात कागदावरचे एक वाक्य होते.

ग्राहकाला गोड आवाज हवा असतो, ही समजूत टेलिफोनइतकीच जुनी आहे. सुरुवातीला अमेरिकेत एक्स्चेंजवर पोरगे नेमले. ते उद्धटपणे बोलत म्हणून बोस्टनला १ सप्टेंबर १८७८ रोजी एमा नट ही पहिली स्त्री-ऑपरेटर घेतली गेली. पुढे १९८३ मध्ये अर्ली हॉक्शील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी हवाईसुंदरींच्या कामावर लिहिताना या गोडव्याला 'भावनिक श्रम' असे नाव दिले. पण विमानातली मुलगी निदान पाण्याचा पेला देऊ शकते. नुसताच गोडवा विकत घ्यायचा आणि अधिकार मात्र काडीचा द्यायचा नाही, ही नवी युक्ती आहे. कंपनी आणि ग्राहक यांच्यामध्ये माणसांची भिंत उभी करायची. भिंतीने सोसायचे, साहेबांच्या केबिनपर्यंत आवाज जाऊ द्यायचा नाही. या मुलींना योगासनांचे वर्ग आणि 'ताणमुक्ती'ची व्याख्याने देतात म्हणे! दगड पडायचे थांबवायचे सोडून भिंतीला मलम लावण्यातला हा प्रकार.

राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा कामाचे तास, विश्रांती, स्त्रियांची रात्रपाळी यांबद्दल बोलतो. त्या तासांत कानावर काय पडते, याला त्यात मोजमाप नाही. अश्लील बोलणाऱ्याचा फोन एकदा बजावून ठेवून देण्याचा हक्क, तशा कॉलनंतर पाच मिनिटे उसंत, आणि आपले चुकले आहे हे उघड असेल तिथे तक्रार थेट वर नेण्याचा अधिकार, एवढे दिल्याने कुठली कंपनी बुडणार आहे? संख्येने कमी पण लांब चाललेल्या कॉलचे गुण कापण्याऐवजी ते ऐकायची तसदी कुणी वरच्याने घेतली, तर आपला कारभार कुठे गळतो आहे हे त्याला फुकटात कळेल.

भाची जाण्याच्या आदल्या दिवशी आमचे इंटरनेट बंद पडले. तिसऱ्या दिवसातली चौथी तक्रार, माझा आवाज चढलेलाच होता. भाचीने माझ्याकडे पाहिले आणि मी वरमले. पलीकडच्या मुलीला म्हटले, "तुझ्या हातात यातलं काय आहे, बाळ?"

क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "तक्रार नोंदवणं, मॅडम."

"मग नोंदव." आणि जरा बरे वाटावे म्हणून मी तिची चौकशी करू लागले, कुठली, किती वाजता सुटतेस वगैरे. तेवढ्यात भाचीने माझ्या हाताला धरून हळूच म्हटले, "मावशी, ठेव आता. तिची मिनिटं चालली आहेत."